पेंगेलीबाईला आत कोणी बोलावलं नाही

९ जानेवारी, गुरुवार

सापडली! एवढ्या जाडजूड कादंबरीत अखेर मला माझी बाई सापडली.

धीरज सरांनी डिसेंबरातच सांगितलं होतं — नायक-नायिकेवर लिहायला सगळं जग बसलंय, तू असं कोणी शोध ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलेलं नाही. एम.ए.चं शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय — राणी व्हिक्टोरियाच्या काळातली एक इंग्रजी कादंबरी, तिच्यातली दुय्यम माणसं आणि त्यांचा वर्ग. विषय घेताना भारी वाटला होता. मग महिनाभर नुसती पानं उलटली. बटलर आहे, कोचमन आहे, जिना पुसणाऱ्या मोलकरणी आहेत. बटलरवर काय लिहू? मी जन्मात बटलर पाहिलेला नाही. पालघरला कुठून असणार!

आणि आज कॉलेजच्या लायब्ररीत ही उभी राहिली. पेंगेलीबाई. इंग्लंडच्या कुठल्याशा किनाऱ्यावरची मासळीवाली. नायिकेचे आईबाप लहानपणीच जातात आणि तिला ही वाढवते, आपल्या झोपडीत, आपल्या पोरांबरोबर. मग एक दिवस श्रीमंत आत्या घोडागाडी घेऊन येते, पोरीला उचलून नेते. तिथून पुढे पियानो, फ्रेंच, रेशमी झगे. पेंगेलीबाई मागे राहते ती राहतेच.

पण ती गाडी दारात उभी असतानाचा परिच्छेद! पोरीची वेणी ती घालते. सोडते. पुन्हा घालते. पुन्हा सोडते. आत्या म्हणते, उशीर होतोय. बस, एवढंच. रडली-बिडली काही लिहिलेलं नाही. मी ते वाचलं आणि लायब्ररीत बसल्या जागी अंगावर काटा आला. कोण कुठला गोरा माणूस, कधीचा मरून गेलेला, त्याला हे कुठून कळलं?

शिपाई म्हणाला, मॅडम, बंद करायची वेळ झाली.

१० जानेवारी, शुक्रवार

आयला सांगितलं, माझ्या पुस्तकात एक मासळीवाली निघाली. म्हणाली, "मग? आमी सगळीकडं असतो."

१२ जानेवारी, रविवार

रविवार म्हणजे आयचा घाईचा दिवस. पहाटे आमच्या मुरब्याहून टेम्पोने बोईसर, दुपारपर्यंत मासळीबाजारात विक्री. परत आली की आधी कोयती घासणार, मग लिंबू चोळून हात धुणार, मगच चहा. आज तिचे हात वाळेपर्यंत मी तिला पेंगेलीबाईची पुढची गोष्ट सांगितली. आयचं शिक्षण चौथीपर्यंत, पण गोष्ट ऐकायला बसली की मधे उठत नाही.

पोरगी मोठी झालेली आहे. तिचा वाढदिवस. पेंगेलीबाई टोपलीत निवडक बांगडे घेऊन बंगल्याच्या मागच्या दाराशी येते. विकायला नाही, पोरीला द्यायला. वर पियानो वाजतोय. नोकराणी टोपली घेऊन आत जाते, वरून निरोप येतो, आणि निरोपाबरोबर एक नाणं. पेंगेलीबाई नाणं बघते. वरच्या खिडकीकडे बघते. आणि म्हणते — बाईसाहेबांनी भाव चांगला दिला.

भाव चांगला दिला! हे वाक्य मी गेले दोन दिवस तोंडात घोळवतेय. तिने तक्रार केलेली नाही, रागही दाखवलेला नाही. भेट दिली होती तिची विक्री झाली, आणि ती मुकाट्याने विकणारी झाली. एका वाक्यात! मला तर वाटतं, बाकीची कादंबरी त्या माणसाने हे वाक्य लपवायलाच लिहिली.

आयला मात्र भलताच राग आला. तिचा राग वेगळाच. "पैसे घेतले तिनं? पोरीच्या घरचे?" मी म्हटलं, करणार काय, गरीब होती. तर म्हणाली, "गरीब असंल. पोर जिथं नांदते त्या घरचा पैसा हाताला लावायचा नाय. आपल्यात कोण लावतं?" आणि वर, "नि ती पोर खाली उतरून आली असती तर पाय मोडले असते का तिचे?"

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मेहुलच्या घरी हळदीकुंकू. आय आणि मी दोघी गेलो.

(हे लिहून ठेवते, कारण आजचा दिवस मला कसा वाटला ते अजून ठरलेलं नाही.)

मेहुलचं आणि माझं ठरलंय ते नोव्हेंबरात. लग्न मे महिन्यात, माझी परीक्षा झाल्यावर. तोही आपल्याच समाजातला, पण त्यांचं घर किनाऱ्यावरचं नवापूर सोडून कधीच बोईसरला आलं. वडील प्लांटमध्ये नोकरीला होते, मेहुल एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, लिफ्ट, दारात तुळशीची पितळी कुंडी. खिडकीतून बाजाराचे पत्रे दिसतात, त्याच पत्र्यांखाली आय बसते. मेहुलची आई वर्षानुवर्षं आयकडूनच मासळी घेतात. सोयरीक जुळली तीही तिथेच, पापलेटं कापता कापता.

आयने आज ठेवणीतलं निळं लुगडं नेसलं होतं. हात दोनदा बेसनाने चोळले. मेहुलच्या आईंनी दारातच तिला मिठी मारली, सोफ्यावर मधोमध बसवलं, सगळ्यांना सांगितलं — या आमच्या विहीणबाई. कॉलनीतल्या बायका गोड हसल्या. एक चष्मेवाल्या बाई म्हणाल्या, अय्या, मुरब्याच्या का, तुम्ही काय करता? आय तोंड उघडणार तेवढ्यात मेहुलच्या आई म्हणाल्या, "त्यांचा व्यवसाय आहे."

व्यवसाय!

आयने तिळगूळ खाल्ला. परत येताना मी विचारलं, तुला काही वाटलं का? म्हणाली, "काय वाटायचं? व्यवसायच तर हाय." पण मग मुरब्यापर्यंत दोनदा हात नाकाशी नेऊन बघितले.

१६ जानेवारी, गुरुवार

दिवसभर पेंगेलीबाई. जेवायची शुद्ध राहिली नाही.

१९ जानेवारी, रविवार

सरांनी काल माझ्या लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण वाचून परत केलं. मी लिहिलं होतं, की नायिकेच्या लग्नाच्या प्रसंगात पेंगेलीबाईला चर्चमध्ये येऊ दिलं जात नाही, यातून वर्गव्यवस्था वगैरे वगैरे. सरांनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आहे. बाजूला लिहिलंय — "येऊ दिलं जात नाही? कोण अडवतं? वाक्य दाखव."

चिडचिड झाली. दिसत नाही का यांना? शेवटच्या प्रकरणात सगळं गाव चर्चमध्ये आहे आणि ती एकटी फाटकाबाहेर, पावसात, धुतलेली शाल पांघरून. कोणी अडवल्याशिवाय बाई पावसात उभी राहील का? दाखवते वाक्य. असेलच कुठेतरी.

२२ जानेवारी, बुधवार

वाक्य अजून सापडलेलं नाही.

आज एक वेगळंच ऐकलं. मंजुळामावशी आयच्या शेजारी बसते, बाजारात दोघींच्या पाट्या एकमेकींना लागून. ती संध्याकाळी घरी आली आणि अंगणातच मला बाजूला घेऊन म्हणाली, तुझी होणारी सासू हल्ली माझ्याकडनं मासळी घेते. दोन-तीनदा झालं. आयच्या समोरून जाते ती मान खाली घालून, पदर असा पुढे ओढून. मी शपथेवर बोलावलं नाय तिला, म्हणाली. बिचारी मंजुळामावशी रडायच्या बेतात होती. शेजारणीचं गिऱ्हाईक घेणं म्हणजे आमच्याकडे फार वाईट.

आयला विचारलं. "त्यांची मर्जी," म्हणाली आणि बोंबील साफ करत राहिली.



२४ जानेवारी, शुक्रवार

शुक्रवार असून आय बाजारात गेली नाही. गुडघा दुखतोय म्हणाली. याच गुडघ्याने ती ताप असताना गेली आहे, पाणी भरलं होतं तेव्हा गेली आहे, बाबा खोल समुद्रात अडकले होते तेव्हासुद्धा गेली आहे.

शेवटी जेवताना बोलली. जागा सोडायची ठरवली आहे. मंजुळामावशीच्या सुनेला देणार.

ती जागा आजीची. आजीने आयला दिली. बाजारात कागदबिगद काही नसतो. जागा सोडायची म्हणजे रविवारी सगळ्या जणी बसलेल्या असताना रांगेसमोर उभं राहून तोंडाने सांगायचं. एकदा सांगितलं की देवसुद्धा परत देऊ शकत नाही. आय म्हणाली, पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी सांगेन, दोन तारखेला.

का? कोणी काही बोललं का तुला?

"कोणी नाय बोललं. बोलायला कशाला लागतं? तुझ्या सासूला बाजारात यायचं म्हणजे माझ्या समोरनं जायला लागतं. आत्ता मान खाली घालते. उद्या तू त्या घरची झालीस की काय करेल? नि तू काय करशील, बाय?"

मी ताटावरून उठले. आयने माझं ताट झाकून ठेवलं.

२६ जानेवारी, रविवार

शेवटची तीन प्रकरणं उलटसुलट वाचली. वाक्य नाही.

नाहीच! नायिका म्हणत नाही, आत्या म्हणत नाही, पाद्री म्हणत नाही, दरवान तर तिथे नाहीच. फाटक उघडं आहे, तसं स्पष्ट लिहिलंय. लोक येतात-जातात. पेंगेलीबाई बाहेर उभी. तिला "आत येऊ नकोस" असं कोणी म्हणत नाही. आणि "आत ये" असंही कोणी म्हणत नाही. लग्न लागतं, गाडी बाहेर पडते, चाकाचा चिखल तिच्या शालीवर उडतो. ती शेजारच्या कोणाला तरी म्हणते, माझ्याकडेच बघत होती ती. बघत होती की नाही, ते लेखक सांगत नाही.

मी पुस्तक मिटलं. सर बरोबर होते, पण मला त्यांच्यापेक्षा त्या लेखकाचं नवल वाटतं. कोणीच काही बोलत नाही आणि तरी होतं, हे त्याने पाहिलं होतं. ते वाक्य लिहायची गरजच नाही हे त्याला ठाऊक होतं. ती बाई ते जन्मापासून ऐकत आलेली. आमच्या आयने परवा जेवताना दुसरं काय सांगितलं? बोलायला कशाला लागतं!

एवढं मोठं पुस्तक, एवढ्या लांबून आलेलं, आणि थेट आमच्या चुलीपुढे येऊन बसलं. भीती वाटली मला. खरंच.

मग मेहुलला फोन केला आणि भांडले. तो म्हणाला, मी आईला विचारतो. मी म्हटलं, खबरदार. तो म्हणाला, मग मी करू काय? मी म्हटलं, लग्न करू नकोस. फोन ठेवला.

२७ जानेवारी, सोमवार

मेहुलचे अकरा मेसेज. एकही उघडला नाही.

२९ जानेवारी, बुधवार

गेले होते. कोणाला न सांगता. कॉलेजातून सुटले, पालघरहून बोईसरची गाडी धरली, जिन्याने तीन मजले चढले. लिफ्ट नको वाटली. मनात भाषण तयार होतं. त्यात "वर्ग" हा शब्द निदान चारदा होता.

दार मेहुलच्या आईंनीच उघडलं. घरात मांदेल्या तळल्याचा वास. मंजुळामावशीच्याच असणार! त्या वासानेच माझं डोकं फिरलं. मी उभ्याउभ्याच विचारलं, काकी, तुम्हाला माझ्या आयची लाज वाटते का?

त्या तव्याखालचा गॅस बंद करून आल्या. म्हणाल्या, "वाटते. पण तुला वाटतंय तशी नाही. बस."

बसले नाही. मग त्याच बसल्या आणि सांगू लागल्या. सोयरीक झाल्यापासून आय त्यांच्याकडून पैसे घेईना. पहिल्यांदा वाटलं, आनंदात आहेत. दुसऱ्यांदा दोन पापलेटं मागितली तर चार घातली, वर कोळंबी. पैसे पुढे केले तर हात जोडले. तिसऱ्यांदा त्या नोटा पाटीखाली सरकवून पळाल्या, तर आयने मंजुळामावशीच्या सुनेला पळवत मागे पाठवलं, नोटा परत.

"लेक देतात तीच केवढी मोठी गोष्ट! वर रोजची मासळीही फुकट खाऊ? माझी सासू नवापूरहून पाटी घेऊन यायची गं, डोक्यावर. एका पाटीमागे किती हाडं झिजतात ते मी घरात बघितलंय. समोर गेले की विहीणबाई पिशवी भरतात. नाही गेले तर त्यांना वाईट वाटतं. म्हणून पदर पुढे ओढून शेजारी जाते, दिसू नये म्हणून. तर तेही दिसतं!"

मी बसले.

आयने पैसे घेतले नाहीत, कारण लेकीच्या घरचा पैसा हाताला लावायचा नाही. यांनी तोंड चुकवलं, कारण लेकीच्या आईचं फुकट खायचं नाही. दोघी आपापल्या जागी अगदी रीतीने वागत होत्या. आणि त्या रीतीपायी आमची जागा चालली होती.

मग मी विचारलंच. हळदीकुंकवाला "व्यवसाय" का म्हणालात?

त्यांनी मांदेल्यांची डिश आणून माझ्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "ते मात्र खरं. ते मला तोंडातून काढता आलं नाही. माझ्या सासूबद्दल पण मी या कॉलनीत कधी सांगितलेलं नाही." आणि त्यांचे डोळे भरून आले. डिशमधल्या मांदेल्या दोघींनी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

परत येताना गाडीत सारखं मनात येत होतं. पेंगेलीबाईच्या एकेका शब्दासाठी मी तीन आठवडे झुरले आणि या बाईला मात्र माझ्या गोष्टीत दोन ओळी दिल्या होत्या — श्रीमंत सासू, नाक वर. तिच्याही मागे एक पाटी आहे, नवापूरपासून चालत आलेली. माणसाच्या आत किती माणसं असतात! मी तेव्हापासून तोंडात बोट घालून बसले आहे.

मेहुलचे मेसेज उघडले. शेवटचा होता, "मी काय चुकलो ते तरी सांग." सांगितलं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

३१ जानेवारी, शुक्रवार

आयला सगळं सांगितलं. वाटलं होतं, हसेल, मिठी मारेल, सुटलो. कसलं काय!

ऐकून घेतलं. "एवढंच होतं होय," म्हणाली. चेहरा खुलला. दोन क्षण मला वाटलं, झालं. मग पुन्हा कोयती घासायला लागली. "पण म्हणून मी पैसे कशी घेऊ? सगळ्या रांगेसमोर? लेकीच्या सासूकडनं? बाया तोंडात शेण घालतील."

मी म्हटलं, तू घेत नाहीस म्हणून त्यांना येता येत नाही.

"मग नको येऊ दे."

त्या आल्या नाहीत तर तू जागा सोडणार.

"मग सोडीन."

डोकं आपटून घ्यावंसं वाटलं. म्हटलं, आय, लाज त्यांना तुझी नाही, फुकटाची वाटते. तर म्हणते कशी, "समजलं गं मला. पण मी बसल्ये नि विहीण समोरनं मान खाली घालून जाते, हे बघत मी बसू काय रोज? तिला त्रास, मला त्रास. त्यापेक्षा माणसानं उठावं." ती मनाने मोठी आहे आणि अडेलतट्टूही आहे, दोन्ही एकाच वेळी. बाबा म्हणाले, तुझ्या आयशी वाद घालण्यापेक्षा दर्यात गेलेलं बरं.

मेहुलच्या आईंना फोन करून सांगितलं, नाही ऐकत. त्या "बरं" म्हणाल्या. नुसतं बरं!

१ फेब्रुवारी, शनिवार

प्रकरण पुन्हा लिहून सरांना दिलं. लाल रेघेच्या जागी आता असं आहे — "पेंगेलीबाईला कोणीही अडवत नाही, आणि तिला आत कोणी बोलावलं नाही. हे अडवण्यापेक्षा जुनं आणि भक्कम आहे." सरांनी तिथल्या तिथे वाचलं. म्हणाले, आता तू कादंबरी वाचलीस.

एरवी उडी मारली असती. पण आयने उद्यासाठी निळं लुगडं काढून ठेवलं आहे. रांगेसमोर उभं राहायचं तर मळक्यात कशी राहणार, म्हणाली.

२ फेब्रुवारी, रविवार

मी आयबरोबर बाजारात गेले. बाजार भरला, रांग पुरी बसली, आय गुडघ्यावर हात टेकून उठणार, तोच मेहुलची आई समोर. पदर खांद्यावर, मान ताठ. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आयच्या पाटीतली सुरमई दोन बोटांनी उचलली, कल्ले उघडून पाहिले, नाक मुरडलं आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कालची दिसते."

आयचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. विहीण, सोयरीक, रीत, सगळं उडालं. "कालची? डोळे फुटले काय? पहाटं उतरवल्ये, मीठ पण लागलेलं नाय तिला!" मग जुंपली. त्या निम्मा भाव सांगत होत्या, आय एक रुपया सोडत नव्हती. मधेच त्या म्हणाल्या, राहू दे, मंजुळाकडे बघते. आय गरजली, "इथून हलून तर दाखवा!" मंजुळामावशी पाटीमागे लपली. गिऱ्हाइकं थांबून ऐकत होती. शेवटी आयने सुरमई खचाखच कापली, पिशवीत भरली, हात पुढे केला आणि पैसे घेतले. कमरेला खोचून झाल्यावर तिला कळलं, आपण काय केलं. हात तसाच कमरेवर राहिला.

रांगेत कोणीतरी हसलं. मग सगळ्याच हसल्या. आय पण. खाली बसली, पाटी पुढे ओढली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगू लागली.

मेहुलच्या आई पिशवी घेऊन माझ्या अंगावरून गेल्या. जाता जाता हळूच म्हणाल्या, "ताजी फडफडीत आहे गं. मला काय कळत नाही?"